जुनाट गजकर्ण, मुंबईची ओल आणि चिनी औषधं: काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

आईच्या कमरेवर परकराची नाडी जिथे बसते, नेमक्या त्या रेषेवर लाल कडा उठली होती. तिने ती चौदा महिने कोणाला दाखवली नाही. खाज सुटली की खालच्या औषधाच्या दुकानातून ट्यूब आणायची, चार दिवस लावायची. खाज थांबायची, कडा फिकी पडायची. पंधरा दिवसांनी ती परत यायची आणि आधीपेक्षा दोन बोटं पुढे सरकलेली असायची. त्या चौदा महिन्यांत तीच ट्यूब तिने मावशीलाही दिली होती. एकदा पाठीला तेल लावून देताना मला ते दिसलं आणि माझा हात तिथेच थांबला. दादरला माझी छोटीशी खोली आहे, तिथे मी ॲक्युपंक्चर करते. चिनी वनौषधी शिकले, त्यालाही बरीच वर्षं झाली. रोज लोकांची जुनी दुखणी ऐकते, आणि आईचं दुखणं मात्र मला माहीत नव्हतं.

गजकर्ण, नायटा, पायाच्या बोटांमधली चिखली, पिवळी पडलेली नखं, बायकांचा पुन्हापुन्हा होणारा पांढरा खाजरा स्राव ही सगळी बहुधा बुरशीची दुखणी. वर्ष-दोन वर्षं भोगलेली माणसं माझ्याकडे येऊन म्हणतात, "गोळ्या खूप झाल्या, आता मुळापासून घालवणारं चिनी औषध द्या." त्यांना मी बसवून घेऊन जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. बुरशी मारणारी खात्रीची औषधं त्वचारोगतज्ज्ञांकडे आहेत. चिनी वैद्यकाने ओलीचा फार बारकाईने विचार केला आहे. आपल्या दमट शहरात तो विचार मला औषधांइतकाच मोलाचा वाटतो. दोन्हींची कामं वेगळी आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. तो क्रम चुकला की दुखणं लांबतं.

पहिली पायरी: हे नक्की काय आहे?

गोल दिसलं की गजकर्ण, असं नसतं. इसब गोल असतो, सोरायसिसचे चट्टे गोल असतात, काही वेळा कुष्ठरोगाचा चट्टाही तसाच दिसतो. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर एक दिवसही थांबू नका. गजकर्णाची खूण म्हणजे कड वर आलेली, लाल, बारीक खवल्यांची आणि मधला भाग त्या मानाने निवळलेला. पण स्टेरॉइडचं मलम लावलेलं असेल तर ही खूणही पुसली जाते. चट्ट्यात चट्टा, वर्तुळात वर्तुळ दिसतं आणि अनुभवी डॉक्टरही थबकतात.

छाती-पाठीवरची शिबं ही वेगळ्या बुरशीची, मॅलसेझियाची. तिथे गजकर्णावर देतात त्या टर्बिनाफिनच्या गोळ्या चालत नाहीत. स्तनांखाली, जांघेत ओलसर लाल भडक पट्टा आणि त्याच्याभोवती सुटे लाल ठिपके असतील तर बहुधा कँडिडा ही तिसरीच बुरशी असते. जाड झालेलं प्रत्येक नखही बुरशीचं नसतं. रोजच्या घट्ट बुटांच्या दाबानेही ते तसं होतं.

म्हणून तपासणी करून घ्या. कडेवरचा कोंडा पात्याने खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. दुखत नाही आणि खर्चही फारसा नाही. केईएम, सायन, नायर, जे. जे. या सगळ्या मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना आजवर लावलेली एकेक ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकामी झालेलीसुद्धा. नखांचा उपचार महिनोन्‌महिने चालतो, त्यामुळे तिथे तपासणीशिवाय गोळ्या सुरूच करू नयेत.

सोबत रक्तातली साखर बघा, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीसकट. वारंवार होणाऱ्या बुरशीमागे लपलेला मधुमेह मी स्वतः अनेकदा पाहिला आहे. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं, त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि त्यामुळे गुप्तांगाच्या जागी कँडिडा वाढू शकतो. तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगते. मधुमेही माणसाला किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला अचानक चेहऱ्याच्या एका बाजूला दुखू लागलं, सूज आली, नाकातून काळपट स्राव आला किंवा डोळ्याला दिसेनासं झालं, तर तडक मोठ्या रुग्णालयात जा. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे 'काळ्या बुरशी'ने, किती घरं हादरवली हे आपण पाहिलं आहे. तिथे ना चिनी काढ्याचा उपयोग, ना आहाराचा.

दुसरी पायरी: ट्यूब उलटी करून वाचा

आईची ट्यूब मी खिडकीशी नेली आणि भिंग धरून मागची बारीक अक्षरं वाचली. एका बुरशीनाशकाच्या जोडीला एक जंतुनाशक आणि तिसरं नाव क्लोबेटासॉल. क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे. ते खाज आणि लाली दोन्ही दाबतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्याच वेळी त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते आणि जांघेत, काखेत पांढऱ्या-जांभळ्या भेगांसारखे पट्टे उमटतात. ते पट्टे कायमचे असतात. आईच्या कमरेवर ते आजही आहेत.

नावं लक्षात ठेवा: क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, फ्लुओसिनोलोन. यांपैकी एकही नाव ट्यूबवर असेल तर बुरशीवर ती ट्यूब आपल्या मनाने लावायची नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करायला बंदी घातली. तरी काउंटरवर "ती लाल पट्टीवाली द्या" म्हटलं की अजूनही हातात पडते. खूप दिवस लावलेलं मलम थांबवलं की पहिले आठ-पंधरा दिवस खाज भडकू शकते. ते आधीच ठाऊक असलं म्हणजे माणूस घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळत नाही. त्या दिवसांत डॉक्टर खाजेची गोळी देतात.

'चिनी हर्बल क्रीम' म्हणून जे विकलं जातं, त्यालाही हाच नियम. १९९९ साली लंडनच्या डॉक्टरांनी त्वचारोगासाठी दिल्या जाणाऱ्या ११ चिनी 'वनौषधी' मलमांची तपासणी केली. त्यातल्या ८ मलमांमध्ये डेक्सामेथासोन निघालं. वर लिहिलेलं फक्त झाडपाल्याचं. हे मी माझ्याच शास्त्राबद्दल सांगते आहे आणि सांगताना वाईट वाटतं, पण लपवून कोणाचं भलं होणार? ज्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत, उत्पादकाचा पत्ता नाही आणि दोन दिवसांत जादू होते, ती डबी फेकून द्या.

तिसरी पायरी: डॉक्टरांचा कोर्स पुरा करणं

गेल्या काही वर्षांत आपल्याकडचं गजकर्ण बदललं आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं, नावातच 'इंडो' आहे. तिचे बरेचसे वाण टर्बिनाफिनला दाद देत नाहीत, कारण हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं त्या विकराच्या जनुकातच बदल झालेला असतो. त्यामुळे शेजाऱ्याला ज्या गोळीने बरं वाटलं ती तुम्हाला लागू पडेलच असं नाही. दोन आठवड्यांच्या कोर्सने भागायचे दिवसही बहुतेकांसाठी गेले. आता सहा-आठ आठवडे आणि काही वेळा त्याहून जास्त लागतात.

मलम कडेपर्यंत लावून थांबू नका. कडेच्या बाहेर निदान दोन सेंटिमीटर निरोगी कातडीवरही लावा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहा. इट्राकोनॅझोल या बुरशीच्या औषधाची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांनी तिचं शोषण कमी होतं. हृदय कमजोर असेल किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. लांबचा कोर्स असेल तर यकृताची तपासणी करून घ्या. ही तपासणी पुढे चिनी काढ्यांच्या विषयात पुन्हा येणार आहे.

घरात ज्याला-ज्याला आहे त्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवेत. आईबरोबर मावशीलाही आम्ही नेलं. नवरा बरा झाला आणि बायकोचं राहिलं, तर दोन महिन्यांत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. नखांना धीर लागतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाच्या अंगठ्याचं साधारण त्याच्या निम्मं. गोळ्या संपल्या तरी चांगलं नख पूर्ण बाहेर यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

चौथी पायरी: ओल काढणं

इथून पुढे माझा खरा विषय सुरू होतो. चिनी वैद्यकात अशा त्वचारोगांना 'श्वेन' म्हणतात. हाताच्या तळव्यावरच्या जुनाट रोगाचं नाव 'हंसाच्या पंजाचा वारा', बुरशीच्या नखांचं नाव 'राखाडी नख' आणि पायांच्या चिखलीचं नाव 'पायाची ओलसर हवा'. कारणं सांगताना वारा, उष्णता, कृमी येतातच, पण खालच्या अंगाच्या रोगांत मुख्य शब्द 'श'. श म्हणजे ओल. ती जड असते, चिकट असते, खाली उतरते आणि एकदा शिरली की लवकर जात नाही. बाहेरची ओल आणि पचन मंदावल्याने आत साठलेली ओल एकमेकींना धरून राहतात, असं ते मानतात. सूक्ष्मदर्शक नव्हता तेव्हाचा हा विचार आहे, त्यामुळे त्याला बुरशीचं विज्ञान म्हणता येणार नाही. पण जुलैमधल्या विरार लोकलमध्ये ओल्या जीन्सवर दीड तास उभं राहिलेल्या माणसाला 'जड, चिकट, खाली उतरणारी' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा ओलीचा हिशेब असा करा.

कमरेचं बंधन आधी सोडा. करदोडा असेल तर काढा. श्रद्धेचा असेल तर बरं होईपर्यंत देवाजवळ ठेवा आणि नंतर नवा बांधा. महिनोन्‌महिने घामाने भिजलेल्या त्या दोऱ्यात बुरशी मुक्कामाला असते. परकराची नाडी दोरीऐवजी रुंद सुती पट्टीची करा, रोज धुवा आणि गाठ रोज एकाच जागी मारू नका. आईने ही एक गोष्ट केली आणि घासली जाणारी जागा पहिल्यांदा मोकळी झाली.

पावसाळ्यात ऑफिसला जाताना पिशवीत सुकी अंतर्वस्त्रं, सुके मोजे आणि एक छोटा पंचा ठेवा. पोहोचल्यावर पाच मिनिटं काढून बदला. जीन्स चार महिने कपाटात राहू द्या. लेगिंग्जही. भिजलेले बूट दुसऱ्या दिवशी घालायचेच असतील तर रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. जमलं तर दोन जोड आलटून-पालटून वापरा.

अंग पुसण्याचाही एक क्रम आहे. आधी निरोगी भाग, मग जांघ, शेवटी पाय. पंचा प्रत्येकाचा वेगळा. पुसल्यावर लगेच कपडे न चढवता पंख्यासमोर दोन-तीन मिनिटं थांबा. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कोरडा कापूस फिरवा.

कपड्यांचा प्रश्न मुंबईत सगळ्यात बिकट आहे, हे मी जाणते. एका खोलीत दोऱ्या बांधून तीन दिवस कुबट वाळणारे कपडे माझ्याही घरी होते. रोग्याचे आतले कपडे, पंचे आणि चादरी वेगळ्या भिजवा. कापडाला चालत असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा आणि उलटे करून वाळवा. वाळल्यावर शिवणी आणि इलॅस्टिकच्या पट्ट्या गरम इस्त्रीने दाबून काढा, कारण ओल तिथेच उरते. दोरीवर कपड्यांत वितीचं अंतर ठेवून पंखा लावला तर एका दिवसात वाळतात. कपाटात अर्धवट ओला कपडा एकही जाता कामा नये. आणि पाऊस उघडून ऊन पडलं की गाद्या-उशा गच्चीवर न्या.

वाचायला हे साधं वाटेल, पण इतक्या वर्षांत ज्यांचं दुखणं परत आलं नाही त्यांनी ही पायरी नेटाने पाळली होती, असंच मला दिसलं आहे.

पाचवी पायरी: बाहेरून लावायचे चिनी काढे

चिनी त्वचोपचारात काढ्याने धुणं आणि काढ्यात भिजवणं ही जुनी पद्धत. मुख्य वनस्पती चार-पाच. खूशन हे कडू मूळ, शेंगवर्गीय झाडाचं. ह्वांगपो ही पिवळी साल, तिच्यात बर्बेरिन हे पिवळं द्रव्य असतं. आपल्या दारुहळदीचा पिवळा रंगही बर्बेरिनचाच. श-छ्वांग-त्झ हे ओवा-बडीशेपेच्या कुळातलं बी. ती-फू-त्झ हे खाजेसाठी वापरायचं बारीक फळ. आणि थू-चिन-फी ही एका सूचिपर्णी वृक्षाची साल. हिच्यातलं स्यूडोलॅरिक आम्ल प्रयोगशाळेत बुरशीला खरोखर रोखतं, पण ते विषारी आहे. म्हणून ही साल फक्त बाहेरून आणि जाणत्याच्या हातूनच. पोटात कधीही नाही.

प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशी थांबणं वेगळं आणि माणसाच्या जाड कातडीत थांबणं वेगळं. माणसांवरचे बरेचसे अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. म्हणून मी हा काढा डॉक्टरांच्या मलमाच्या जोडीला देते, त्याच्या जागी नाही. खाज कमी होते, पाझरणारी जागा कोरडी पडते आणि माणूस खाजवत नाही. तेवढ्यासाठी तो चांगला आहे.

कृती अशी. खूशन ३० ग्रॅम, ह्वांगपो १५ ग्रॅम, ती-फू-त्झ १५ ग्रॅम, श-छ्वांग-त्झ १५ ग्रॅम. दोन लिटर पाण्यात अर्धा तास भिजत घालायचं, मग झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं आणि दुपदरी मलमलीतून गाळायचं. ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी पातेलं नको, स्टीलचं घ्या. रंग गडद चहासारखा येतो आणि वास कडवट, मातकट. कोमट झाल्यावर पाय पंधरा मिनिटं बुडवायचे, किंवा जांघ-कंबर असेल तर सुती फडकं भिजवून, पिळून जागेवर दहा मिनिटं ठेवायचं. नंतर टिपून पूर्ण कोरडं करायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मग मलम लावायचं. दिवसातून एकदा, दोन आठवडे. काढा फ्रीजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवू नका, कारण बुरशीच्या औषधालाही बुरशी येते.

हे जिन्नस खात्रीने न मिळाल्यास मी लोकांना नुसत्या दारुहळदीचा काढा करायला सांगते, २० ग्रॅम लिटरभर पाण्यात. काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत ती मिळते. कपड्याला डाग पडतो, पण कातडीला सहसा त्रास होत नाही.

सहसा, असं म्हणते आहे त्याला कारण आहे. माझ्या भाच्याच्या जांघेला मी एकदा दुप्पट दाट काढा दिला. लवकर गुण यावा ही माझी घाई. आधी छोट्या जागेवर लावून पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाय फाकवून चालत आला. मांडीच्या आतली कातडी भाजल्यासारखी लाल, वर पाण्याचे बारीक फोड. बुरशीचा उपचार दहा दिवस थांबवावा लागला. तेव्हापासून माझा नियम आहे: आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावायचं आणि दोन दिवस वाट पाहायची. चिरा पडलेल्या, रक्त येणाऱ्या, स्टेरॉइडने पातळ झालेल्या कातडीवर काढा लावायचा नाही. मधुमेह्यांनी पाय बुडवण्याआधी पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं, कारण बधिर पायाला चटका कळत नाही.

चिनी पद्धतीत हातापायांसाठी व्हिनेगरमध्ये औषधं मुरवून त्यात भिजवण्याचीही रीत आहे. मुंबईच्या घामट कातडीवर ती मला जहाल वाटते. मी ती कोणाला घरी करायला सांगत नाही.

बायकांसाठी एक महत्त्वाची सूचना. योनीच्या आत कोणताही काढा सोडायचा नाही, दही नाही, लसूण नाही. आत धुतल्याने तिथले चांगले जिवाणू निघून जातात आणि त्रास वाढतो. वर्षात तीन-चार वेळा कँडिडा होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून स्राव तपासून घ्या. प्रत्येक पांढरा स्राव कँडिडाचा नसतो.

सहावी पायरी: पोटात घ्यायचे काढे, आणि मी ते का टाळते

खालच्या अंगातली ओल आणि उष्णता काढायला चिनी वैद्य औषधांच्या ज्या योगाकडे (मिश्रणाकडे) वळतात त्याचं नाव अर-म्याव-सान, म्हणजे 'दोन गुणवंतांचं चूर्ण'. त्यात दोनच औषधं, ह्वांगपो आणि त्सांग-चू नावाचं मूळ. त्यात यी-यी-रन हे धान्य आणि न्यू-शी हे मूळ घातलं की चौघांचा योग होतो. न्यू-शीचं झाड म्हणजे आपल्या पत्रीतल्या आघाड्याचा सख्खा भाऊ. योजना सुंदर आहे: एक उष्णता उतरवतो, एक ओल सुकवतो, एक लघवीवाटे ओल बाहेर काढतो आणि एक औषधाला खाली पायांपर्यंत नेतो.

तरी बुरशीच्या गोळ्या चालू असताना मी पोटातून काही देत नाही. इट्राकोनॅझोलचा भार यकृतावर असतो. पाय-श्येन-फी ही त्वचारोगांत सर्रास वापरली जाणारी चिनी साल आहे आणि तिच्यामुळे यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदलेले आहेत. बर्बेरिन यकृतातल्या त्याच विकरांवर परिणाम करतं ज्यांच्यामार्फत कितीतरी ॲलोपॅथिक औषधं निचरा पावतात. दोन्ही एकत्र घेऊन कावीळ झाली तर दोष कोणाचा हे कळणारसुद्धा नाही.

दुसरं भय मूत्रपिंडाचं. १९९० च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायला चिनी औषधं घेतलेल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया जातीची दुसरी वनस्पती गेली होती. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड नासवतं आणि कर्करोगही घडवतं. लुंग-तान-श्ये-कान थांग हा जांघेच्या खाजेसाठी लोकप्रिय चिनी योग. त्यातही पूर्वी क्वान-मू-थुंग ही याच जातीची वेल पडत असे. चीनने २००३ मध्ये तिचा वापर बंद केला. जुना साठा किंवा इंटरनेटवरून मागवलेली बिननावाची पुडी यांत काय असेल हे घरी कळायला मार्ग नाही.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी करणारी परिषद आहे. पण ती नोंदणी सुयांची आहे. एखाद्याच्या भिंतीवर ॲक्युपंक्चरचं प्रमाणपत्र दिसलं म्हणून त्याने दिलेला चिनी काढा तपासलेला आहे, असं होत नाही. माझ्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रालाही हेच लागू. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मूल, यकृत-मूत्रपिंडाचा रोगी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा यांनी पोटातून काहीही घेऊ नये.

सातवी पायरी: ताट

आहाराने गजकर्ण जात नाही. पाव, इडली, डोसा आंबवलेले असतात म्हणून अंगावरची बुरशी वाढते, हेही खरं नाही. पीठ आंबवणारं किण्व (यीस्ट) आणि गजकर्णाची बुरशी यांचा असा संबंध नाही. साखर पूर्ण सोडली की कँडिडा मरतो, यालाही भक्कम आधार नाही. मात्र मधुमेहात साखर ताब्यात असणं अत्यावश्यक आहे आणि वाढलेलं वजन उतरलं की कातडीच्या घड्या कमी होतात, घाम साचत नाही. हे दोन फायदे नक्कीचे.

चिनी आहारशास्त्र याहून पुढे जातं. गोड, तेलकट, दुधाचं, थंडगार आणि दारू यांनी आतली ओल वाढते, असं ते सांगतं. 'फा-वू' म्हणजे दडलेलं दुखणं उफाळून आणणारे पदार्थ. त्यांत कोळंबी, खेकडे, मटण, दारू, फार तिखट हे येतं. आपल्या आजीचं पथ्य आठवलं ना? कोळंबीने बुरशी वाढते असं मी म्हणणार नाही. पण दारू आणि जहाल तिखटाने घाम आणि खाज वाढते, हे रोगीच येऊन सांगतात. रात्रीच्या खाजेत तेवढा फरकही मोठा असतो. बोंबील-बांगडे खाणाऱ्या घरात मी मासे बंद करायला सांगत नाही. तळलेल्याऐवजी आमटीतले खा, एवढंच.

ओल काढणारे म्हणून चिनी ज्यांना मानतात त्यांतले बरेच पदार्थ आपल्याच बाजारात आहेत. मूग. त्यांच्याकडे उन्हाळ्यात मुगाचं पाणी पितात, आपल्याकडे आजाऱ्याला मुगाचं कढण. कोहळा, कारलं, दोन्ही त्यांच्याही स्वयंपाकात आहेत. यी-यी-रन हे ज्वारी-मक्याच्या कुळातलं मोत्यासारखं धान्य. ते तांदळाबरोबर पेजेत शिजवतात, पण गरोदरपणी टाळतात. ते नसलं तर मी जवावर भागवते.

आईसाठी पावसाळ्याचे दोन महिने असं ठेवलं होतं. सकाळी जवाची पेज, त्यात किसलेलं आलं आणि मीठ. दुपारी ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, कारलं किंवा दुधी. चारला बिस्किटांऐवजी मूठभर भाजलेले चणे आणि बिनसाखरेचा चहा. बिनसाखरेच्या चहावर ती महिनाभर रुसली होती. रात्री कोहळ्याची पातळ भाजी आणि भात. पाऊस पडला की दादरच्या फुटपाथवर आदिवासी बायका टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसतात, ती भाजी आठवड्यातून एकदा. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात आणि गजकर्णावर त्याचं बी वाटून लावायची आपली जुनी रीत. त्याच्याच जवळच्या झाडाचं बी चिनी लोक डोळ्यांसाठी चहासारखं उकळून पितात. बी वाटून कच्च्या कातडीवर मात्र लावू नका, चुरचुरतं.

वही ठेवा

एका साध्या वहीत तारीख, चट्ट्याची लांबी-रुंदी बोटांत, खाज दहापैकी किती आणि त्या दिवशी काय लावलं हे लिहा. दर रविवारी एकाच उजेडात फोटो काढा. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर परत डॉक्टरांकडे जा आणि कल्चर, म्हणजे कोंड्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघणं, करायचं का ते विचारा. अंगावर पिवळेपणा, गडद लघवी, अन्नावरची वासना उडणं, पायावर सूज, चट्ट्यातून पू किंवा ताप यांपैकी काही दिसलं तर सगळे काढे त्याच क्षणी थांबवा आणि वही घेऊन रुग्णालयात जा.

आईची वही माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात "खाज ९, झोप नाही." अकराव्या आठवड्यात "खाज ०." त्यापुढेही दोन आठवडे तिने रोज मलम लावल्याची खूण केली आहे, दुखणं दिसत नसताना. शेवटच्या पानावर मावशीचा फोन नंबर आणि त्याखाली "तिची ट्यूब टाकली का, विचारणे."